जुनी पेढी, नवी बालवाडी आणि रंगातलं शिसं

जळगावहून एका वाचकाने विचारलं आहे: "ताई, आजोबांनी १९५८ साली बाजारपेठेत बांधलेली दोन मजली इमारत आहे. खाली आधी कापसाची पेढी होती, नंतर ३० वर्षं छापखाना. वर ऑफिसं. आता खालचा मजला बालवाडीला आणि वरचा शिकवणीच्या क्लासला भाड्याने द्यायचा आहे. ठेकेदार म्हणतो, मशीनने घासून आठ दिवसांत रंग मारून देतो. बालवाडीच्या बाई म्हणतात, आधी शिसं तपासून घ्या. खरंच गरज आहे का? आणि करायचं तर कसं?"

भाऊ, बाईंचं म्हणणं बरोबर आहे. ठेकेदाराला आजच फोन करून सांगा की घासायचं मशीन आणू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम मी २२ वर्षं करते आहे. कापसाच्या जिनिंगची गोडाऊनं, सराफांच्या पेढ्या, गिरण्यांची ऑफिसं, नगरपालिकांची जुनी मार्केटं पाहिली. एवढ्या अनुभवावरून सांगते, जुना रंग भिंतीला किंवा दाराला घट्ट चिकटून आहे तोवर त्याचा त्रास थोडा असतो. खरा धोका आपण तयार करतो, रंग घासून त्याची पूड करतो तेव्हा.

हिशोब करून बघा. जुन्या ऑइलपेंटमध्ये वजनाच्या ५ टक्के शिसं असणं काही नवल नाही. अशा रंगाची एक ग्रॅमची खपली, म्हणजे नखाएवढे काही तुकडे, त्यात ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५०,००० मायक्रोग्रॅम शिसं आलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने साफसफाईनंतर फरशीवर राहू शकणाऱ्या धुळीसाठी दर चौरस फुटाला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा ठेवली होती, ती २०२४च्या नियमात ५ वर आणली. म्हणजे त्या एका ग्रॅमची बारीक पूड होऊन सारखी पसरली, तर १०,००० चौरस फूट फरशी त्या मर्यादेला पोचते. तुमचा खालचा मजला त्याच्या पावपट तरी असेल का? आणि ठेकेदाराचं मशीन एका दारावरून पाव किलो रंग सहज उडवतं.

जमिनीवर खेळणारं तीन-चार वर्षांचं मूल हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट शिसं लहान मुलाच्या शरीरात शोषलं जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो मागे फिरत नाही. रक्तात इतकं शिसं चालतं असा सुरक्षित आकडा कोणी देऊ शकलेलं नाही. म्हणून दुकान भाड्याने देणं आणि बालवाडीला जागा देणं यांत मी फरक करते. कापडाचं दुकान येणार असतं तर मी तुम्हाला निम्मंच काम सांगितलं असतं.

१९५८च्या इमारतीत शिसं आलं कुठून? त्या काळचा रंगारी डब्यातला तयार रंग कमी वापरायचा. सफेदा (पांढरी रंगपूड), बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन घेऊन तो जागेवरच रंग कालवायचा. सफेदा दोन जातींचा असे, एक जस्ताचा आणि एक शिशाचा. तेल लवकर वाळावं म्हणून मुरदाडशिंग घालत, तेही शिशाचंच ऑक्साइड. पिवळ्यासाठी क्रोम यलो, म्हणजे लेड क्रोमेट. हिरवा रंग बहुतेक वेळा त्याच पिवळ्यात निळा मिसळून केलेला. लोखंडाला गंज लागू नये म्हणून खाली शेंदरी प्रायमरचा हात असे. त्यामुळे पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा दिसला की मी आधी तिकडे जाते, पांढऱ्याकडे नंतर.

बरेच जण म्हणतात की आम्ही २००५ साली नवीन रंग मारलाय. त्यावर भरवसा ठेवू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको हा आपल्याकडचा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा कोणताही चकचकीत ऑइलपेंट तपासल्याशिवाय निर्दोष धरू नये. शिवाय हा नियम नवीन रंग बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या दारावर आधीच बसलेल्या रंगाबद्दल त्यात काही नाही. त्यामुळे नोटीस आली नाही म्हणून गरज नाही, असं समजू नका.

आता इमारतीत शिरू या. साध्या चुन्याच्या भिंतींवर मी फार वेळ घालवत नाही. चुन्यात शिसं घालायचं कारणच नव्हतं. पण जुन्या ऑफिसांत भिंतीच्या खालच्या चार फुटांत ऑइलपेंटचा पट्टा असायचा, डाग पुसता यावेत म्हणून. वर चुना, खाली हिरवा किंवा चॉकलेटी पट्टा. तो पट्टा नेमका लहान मुलांच्या उंचीला येतो. मग दारं, चौकटी, खिडक्यांच्या झडपा, गज, जिन्याचा कठडा, छताच्या लोखंडी तुळया आणि रस्त्याकडची लाकडी पाटी किंवा शटर. सातपुड्याच्या सागवानाची दारं असतील तर त्यांच्यावर सहा-सात हात रंग सहज सापडतो. पश्चिमेकडचं दार आधी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्या उन्हात ऑइलपेंटला फोड येतात, चिरा जातात आणि खपल्या उंबऱ्यात पडतात. खिडकी सरकते किंवा घासते तिथेही रोज थोडी पूड गळत असते, कोणी काही न करता.

दोन लाल रंगांत गल्लत होते. विटकरी, गेरूसारखा दिसतो तो रेड ऑक्साइड, तो लोखंडाचा. झगझगीत नारिंगीकडे झुकणारा तो शेंदरी प्रायमर, तो शिशाचा. वरच्या रंगाची खपली निघालेली असेल तिथे, गजाच्या मुळाशी, हा नारिंगी पट्टा उघडा पडलेला दिसतो. डोळ्याने अंदाज येतो, खात्री चाचणीनेच होते. देवाला वाहतो तो पारंपरिक शेंदूरही शिशाचं ऑक्साइडच आहे. तुमच्या पेढीत मारुतीचा कोनाडा असेल आणि त्याचं शेंदराचं कवच सुटत असेल, तर पूजा बंद करायची गरज नाही. कोनाडा मुलांच्या हाताला लागणार नाही असा काचेने बंद करा आणि खाली पडलेला शेंदूर ओल्या फडक्याने टिपून घ्या.

तपासणीच्या तीन रीती आहेत. तुम्हाला त्यांतल्या दोन लागतील.

पहिली एक्सआरएफ यंत्राची. हातात धरायचं, पिस्तुलासारखं यंत्र. रंगावर टेकवलं की काही सेकंदांत आकडा देतं, आणि वरचे थर न सोलता खालच्या थरांतलंही शिसं मोजतं. ६०-७० जागा एका दिवसात होतात. यातून क्ष-किरण निघतात, म्हणून ते चालवणारा माणूस प्रशिक्षित हवा आणि मोजताना समोर किंवा भिंतीपलीकडे कोणी नको. पातळ गजांवर, कोरीव कामावर हे यंत्र नीट बसत नाही, तिथला आकडा मी धरत नाही. एका चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त आलं, तर तो शिशाचा रंग, ही अमेरिकेतली व्याख्या आहे आणि जागेवरच्या जुन्या रंगासाठी मी तीच वापरते.

दुसरी रीत प्रयोगशाळेची, आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षंच झाली होती. एका तालुक्याच्या गावात जुन्या जिनचं ऑफिस होतं. दाराच्या सुटलेल्या खपल्या मी पाकिटात भरल्या आणि तपासायला पाठवल्या. रिपोर्ट चांगला आला, मालकाने दारं घासायला काढली. चार दिवसांनी मी सहज गेले, तर घासलेल्या दाराच्या कडेला नारिंगी रेघ दिसत होती. मी पाठवलेल्या खपल्या फक्त वरच्या दोन थरांच्या होत्या. खालचे पाच थर दारावरच राहिले होते आणि आता ते सगळ्या खोलीत धूळ होऊन बसले होते. घासणाऱ्या पोराला मी सावध केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तो कठड्यावर हात आपटून मला म्हणाला होता, "हाऊ रंग पक्का शे, ताई." त्याच्या रक्ताची तपासणी मालकाच्या खर्चाने करून घेतली, शिसं वाढलेलं निघालं, त्याला त्या कामावरून हलवलं. तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून मी नमुना असा घेते: धारदार पात्याने लाकडापर्यंत तिरकी खाच पाडायची आणि भिंगातून बघायचं. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसतात. वर पांढरा, मग क्रीम, मग मोरपंखी, चॉकलेटी, पुन्हा हिरवा आणि अगदी तळाशी पिवळट पांढरा सफेदा. हे सगळे थर नमुन्यात आले पाहिजेत आणि लाकूड मात्र शक्यतो नको, कारण लाकडाचं वजन मिसळलं की टक्केवारी खोटी कमी दिसते. साधारण दोन इंच बाय दोन इंच जागेतला रंग पुरतो. काढण्याआधी जागेवर पाण्याचा फवारा मारायचा, खाली कागद धरायचा. प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत, वर जागा लिहून. पैसे वाचवायला चार दारांचा रंग एकाच पिशवीत भरू नका. एका दाराचं शिसं बाकी तिघांत विरून जातं. प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली घ्या, आणि मान्यतेच्या यादीत "रंगातलं शिसं" ही चाचणी आहे का ते विचारा. पाण्याच्या चाचणीची मान्यता रंगाला चालत नाही.

तिसरी रीत काडी घासून रंग बदलतो का बघायची. ऑनलाइन मिळते. ऱ्होडिझोनेट नावाच्या रसायनाची काडी शिसं असलं की गुलाबी-लाल होते. पण लेड क्रोमेट ती सहज पकडत नाही, म्हणजे आपल्याकडचा संशयित पिवळा आणि हिरवाच तिच्यातून निसटतो. लाल रंगावर घासली तर तो रंगच काडीला लागून फसगत होते. मी ही काडी वापरत नाही.

तुमच्या इमारतीत रंगापेक्षाही मला काळजी वाटते ती छापखान्याची. छपाईचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, त्यातही बहुतेक भाग शिशाचा. ३० वर्षं जुळाऱ्यांनी, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्यांनी, ते खिळे केसमधून (खणाखणांच्या लाकडी पेटीतून) उचलले, जुळवले, परत टाकले. झिजलेल्या खिळ्यांची धूळ केसच्या तळाशी काळी राखाडी साचायची आणि केस झटकली की जमिनीवर. छपाई झाल्यावर शाई काढायला फर्मे, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या चौकटी, रॉकेलने धुवायचे, ते पाणी मोरीतून मागच्या अंगणात जायचं. ही धूळ शहाबादी फरशीच्या सांध्यांत, दारामागच्या कोपऱ्यांत, जुन्या लाकडी मांडणीच्या खाचांत अजून असणार. त्यावर कितीही नवा रंग मारला तरी ती तिथेच राहते. म्हणून खालच्या मजल्यावर धुळीचा वाइप नमुना घ्याच. त्यासाठी खास ओला रुमाल मिळतो. एक चौरस फूट जागा चिकटपट्टीने आखायची, आधी आडवा, मग घडी घालून उभा, असा पुसायचा आणि बंद नळीत भरायचा. न वापरलेला एक रुमालही तसाच पाठवायचा, म्हणजे रुमालात मुळात शिसं नव्हतं हे कळतं. खेळायला मागचं अंगण देणार असाल तर मोरीच्या तोंडाजवळची वरची इंचभर माती तपासा. त्यात शिसं निघालं तर ती माती काढून वर फरशी घालणं सोपं पडतं.

पाण्याचं थोडक्यात. जुन्या जीआय पाइपांच्या आट्यांवर प्लंबर सफेदा लावून ताग गुंडाळायचे, तो सफेदा बऱ्याचदा शिशाचा. पितळी नळांतही थोडं शिसं असतं, आणि पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून शिशाची संयुगं वर्षानुवर्षं वापरली गेली, त्यावर २०२१ साली वेगळा नियम करावा लागला. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी उघडल्याबरोबर पहिलं पाणी एका बाटलीत घ्या, पाच मिनिटं वाहू देऊन दुसऱ्या बाटलीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पहिल्या बाटलीत जास्त आणि दुसरीत कमी आलं तर दोष तुमच्या नळाचा आणि शेवटच्या काही फुटांच्या पाइपाचा. बालवाडीसाठी पिण्याची एक लाइन नवीनच टाका.

रिपोर्ट हातात आला की एका गोष्टीने लोक घाबरतात. प्रयोगशाळा मर्यादेच्या रकान्यात ९० छापते आणि तुमच्या दाराचा आकडा येतो ३४०. तो ९० नव्या रंगाचा आकडा आहे. जुन्या रंगासाठी वजनाच्या ०.५ टक्के, म्हणजे दशलक्षात ५,०००, ही रेघ धरतात. ३४० आला तर दार ठेवा, ओलं घासा, नवा रंग मारा. ३४,००० आला तर त्या दाराला कोरड्या पॉलिश पेपरचा स्पर्शही नको.

जास्त आलं तर सगळं काढलंच पाहिजे असं नाही. रंग घट्ट असेल तर तो झाकणं हा पहिला उपाय. भिंतीच्या पट्ट्यावर सिमेंट बोर्ड किंवा टाइल, तुळयांवर नवा कोट. घासणारी, आपटणारी आणि मुलं तोंड लावतील अशी कडेची जागा मात्र झाकून भागत नाही. खिडकीची झडप आणि चौकटीचा सांधा सोलावा लागतो, नाहीतर ती झडपच बदलावी लागते. तुमची दारं सागवानी असतील तर ती टाकू नका. उतरवून बाहेर न्या आणि रंग काढायच्या रसायनाने सोला. ब्लो-लॅम्पने जाळून रंग काढणारे पॉलिशवाले अजून आहेत. त्यांना नको म्हणा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ब्लो-लॅम्पची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि धूर सरळ छातीत जातो.

काम आतच करावं लागलं तर खोली प्लॅस्टिकने बंद, सामान बाहेर, फवारा मारून ओलं खरवडायचं. आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून ही कामं मे महिन्यात काढतात, आणि मे महिन्यात खोलीत कूलर लावल्याशिवाय मजूर उभा राहू शकत नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि रंगाची पूड दारातून शेजारच्या फरसाणवाल्याच्या परातीत जाते. त्यापेक्षा काम सकाळी सहा ते दहा करा किंवा दिवाळीनंतर करा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही अडत नाही, चांगल्या प्रतीचा मास्क द्या. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणि केरसुणी दोन्ही बाजूला ठेवा. बारीक पूड अडवणारा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने आणा आणि नंतर दोन बादल्यांनी पुसा, एक साबणाची, एक साध्या पाण्याची.

मजुरांकडे स्वतः लक्ष द्या. दुपारी हात न धुता तळहातावर तंबाखू आणि चुना मळला, की ती पूड सरळ तोंडात जाते. भाकरीचंही तेच. कामाच्या जागी पाणी आणि साबण ठेवा, कपडे तिथेच बदलायला लावा, म्हणजे त्यांच्या घरच्या लेकरांच्या अंगावर ती धूळ जाणार नाही. शिशाची विषबाधा १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवायलाच हव्या अशा रोगांच्या यादीत, पहिल्याच क्रमांकावर होती, इतकी ती जुनी ओळखीची आहे. पोटात कळा, बद्धकोष्ठता, मनगट ढिलं पडणं, चिडचिड अशी लक्षणं दिसली तर पित्त समजून गोळी देऊ नका, रक्तातलं शिसं तपासा.

आणि काढलेली लाकडं. मोडक्या झडपा, चौकटीचे तुकडे मजूर घरी नेतात, बंब पेटवायला. मी एकदा जुन्या दाराच्या फळ्यांवर भरिताची वांगी भाजताना पाहिली आहेत. वांगं जाळात उघडं भाजलं जातं, सालीला राख लागते, आणि त्या राखेत रंगातलं सगळं शिसं असतं. पऱ्हाटीच्या काड्या विकत आणून द्या, पण रंगीत लाकूड पेटू देऊ नका. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, खपल्यांच्या पिशव्यांसकट महानगरपालिकेला आधी कळवून वेगळं द्या.

शेवटची चाचणी वाइपची, साफसफाईनंतर. फरशी, खिडकीचा कट्टा आणि खिडकीची खालची खाच, प्रत्येक खोलीत तीन. हा रिपोर्ट येईपर्यंत बालवाडीची तारीख ठरवू नका आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ताही देऊ नका. त्याच्या करारात हे आधीच लिहून घ्या.

माझं येणं पुढच्या पंधरवड्यात होईल. तोवर एक करा. तुमच्या छापखान्यात जुळारी म्हणून काम केलेले कोणी आबा, नाना अजून गावात असतील, तर त्यांना घेऊन खाली या आणि खिळ्यांच्या केसेस कुठल्या भिंतीला होत्या, फर्मे कुठे धुवायचे, मशीन कुठे होतं ते विचारा. ते दाखवतील त्या फरशांवर खडूने खूण करून ठेवा. तिथे झाडू मात्र मारू नका.